शेवटच्या बाकावरची शाळा

पूर्व लंडनमध्ये हॅकनी डाउन्स नावाचं मोठं मैदान आहे. त्याच्या अंगाला दोन रेल्वेमार्ग एकमेकांना मिळतात आणि त्यांच्या बेचक्यात एक तिकोनी जागा उरते. आज तिथे मॉसबोर्न अकॅडमीची लाकडी सांगाड्याची देखणी इमारत उभी आहे. पाठ रुळांकडे, तोंड मैदानाकडे. रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने तिचा आराखडा केला. २००४ मध्ये ही शाळा सुरू झाली आणि पाचच वर्षांत तिच्या पहिल्या तुकडीने सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत असा निकाल लावला की मंत्र्यांची रीघ लागली. गरीब वस्तीतली मुलं, कडक गणवेश, कडक शिस्त आणि ८४ टक्के मुलांना इंग्रजी-गणितासह पाच विषयांत चांगली श्रेणी.

याच जागेवर आधी हॅकनी डाउन्स स्कूल ही मुलग्यांची माध्यमिक शाळा होती. ती १९९५ च्या डिसेंबरात बंद झाली. त्या वर्षी वर्तमानपत्रांनी तिला 'ब्रिटनमधली सर्वांत वाईट शाळा' ठरवलं होतं.

या दोन परिच्छेदांची मिळून एक गोष्ट तयार होते आणि ती तिथे फार आवडीने सांगितली जाते. शाळा वाईट होती, सरकारने मन घट्ट करून ती बंद केली, नवी काढली, मुलं चमकली. तपशील सगळे खरे आहेत. तरी मला ही गोष्ट पटत नाही, कारण तिच्यातून मधली नऊ वर्षं आणि आधीची पंचवीस वर्षं गाळलेली आहेत. ती परत घातली की निराळंच चित्र दिसतं. बुडणारी शाळा आपल्या दोषांनी बुडते हे खरंच, पण आजूबाजूच्या शाळा जी मुलं घेत नाहीत ती सगळी तिच्याच दारात येऊन थांबतात, त्या ओझ्याने ती जास्त बुडते. शाळेला कुलूप लावलं तरी ते ओझं हलत नाही. फक्त पुढचं दार शोधतं.

ही शाळा १८७६ मध्ये काढली ती ग्रोसर्स कंपनीने, म्हणजे लंडनच्या मसाल्या-किराण्याच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाने. आपल्याकडे तिला लोकांनी सरळ 'वाण्यांची शाळा' म्हटलं असतं. १९०६ मध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली आणि तिला हॅकनी डाउन्स हे नाव मिळालं. पूर्व लंडनमध्ये तेव्हा रशिया-पोलंडकडून आलेली ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने राहत. शिंपी, पादत्राणं शिवणारे, फर्निचरचे कारागीर. त्यांच्या पोरांना वर चढायला ही शाळा म्हणजे जिना होता. हॅरॉल्ड पिंटर हा अशाच एका शिंप्याचा मुलगा. तो १९४४ ते १९४८ या काळात इथे शिकला. जो ब्रेअर्ली नावाच्या इंग्रजीच्या मास्तरांनी त्याला शाळेच्या रंगमंचावर १९४७ मध्ये मॅक्बेथ आणि पुढच्या वर्षी रोमिओ केलं. पिंटर त्या मास्तरांना जन्मभर विसरला नाही. नट मायकल केन इथे वर्षभर होता, नाटककार स्टीव्हन बर्कॉफ इथलाच. पिंटरला २००५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्याची शाळा जाऊन दहा वर्षं झाली होती.

माजी विद्यार्थ्यांची अशी यादी वाचली की आपल्याला हुंदका फुटतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. पिंटरची हॅकनी डाउन्स ही ग्रामर स्कूल होती. अकराव्या वर्षी परीक्षा, आणि जे पास होतील तेच आत. बाकीची, म्हणजे बहुसंख्य मुलं, सेकंडरी मॉडर्न नावाच्या दुय्यम शाळांत. तेव्हा ही शाळा नावाजली गेली यात ब्रेअर्लींसारख्या शिक्षकांचा वाटा होताच, पण दारावरच्या चाळणीचाही होता. त्या काळात नापास शाळा नव्हत्या असं कुणी म्हणू नये. नापास मुलं होती, आणि ती अकराव्या वर्षीच, कुणाच्या डोळ्यांत न येता वेगळी काढली जात. शाळांची अब्रू त्यामुळे शाबूत राहत होती.

१९६९ मध्ये चाळणी काढली आणि हॅकनी डाउन्स सर्वांसाठीची 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' शाळा झाली. त्याआधी १९६३ मध्ये मोठी आग लागून जुन्या इमारतीचा भाग आणि नाट्यगृह जळालं होतं. चाळणी काढण्याच्या निर्णयाच्या मी बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण कागदावर 'सर्वांसाठी' लिहिलं म्हणून सगळे येतात असं नाही. सुस्थितीतली ज्यू कुटुंबं एव्हाना उत्तरेकडच्या उपनगरांत सरकली होती. चर्चच्या शाळा आपापल्या भाविकांची मुलं निवडत होत्या. मुलींच्या शाळांना चांगली मागणी होती. ज्या आईबापांना पर्याय होता ते मुलग्याला मिश्र शाळेत किंवा शेजारच्या बरोमध्ये घालत. बरो म्हणजे लंडनमधला पालिकेचा विभाग. हद्दीबाहेरची मुलं केवळ हद्दीबाहेरची म्हणून नाकारता येणार नाहीत, असा निकाल १९८९ मध्ये ग्रिनिचच्या खटल्यात लागला, आणि ही वाट आणखी रुंद झाली. नुसत्या मुलग्यांच्या, जुनाट इमारतीतल्या, नाव उतरलेल्या शाळेत मग उरलं कोण? ज्यांच्यासाठी कुणी अर्ज भरला नव्हता ते.

त्यावर १९८८ चा शिक्षण सुधारणा कायदा आला. थॅचरबाईंच्या सरकारची कल्पना सरळ होती. पालकांनी शाळा निवडावी आणि मुलाच्या मागोमाग पैसा जावा. चांगल्या शाळा फुगतील, वाईट सुधारतील नाहीतर संपतील. १९९२ पासून निकालांचे तक्तेही छापून येऊ लागले, म्हणजे पालकाला भाजी घेताना भाव बघावा तसं शाळा बघता येईल.

आता ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांनी क्षणभर विचार करावा की ही यंत्रणा खालच्या टोकाला कशी चालते. मागणी असलेल्या शाळेच्या जागा भरलेल्या असतात. तिला वर्षाच्या मध्यात कुणाला घ्यावं लागत नाही. मागणी नसलेल्या शाळेत जागा रिकाम्या असतात, म्हणून तिला येईल त्याला घ्यावंच लागतं. दुसऱ्या शाळेतून काढून टाकलेला मुलगा येतो तो तिच्याकडे. ऑक्टोबरात विमानातून उतरलेला, इंग्रजीचा गंध नसलेला कुर्दी निर्वासिताचा मुलगा येतो तो तिच्याकडे. आज इथे, तीन महिन्यांनी पालिकेने दिलेल्या दुसऱ्या तात्पुरत्या घरी, असा फिरणारा मुलगाही तिच्याचकडे. अशा मुलांना जास्त शिक्षक लागतात, पण पट घटतो म्हणून पैसा कमी होतो आणि शिक्षक कमी करावे लागतात. निकाल पडतो. तक्त्यात नाव तळाला जातं. पुढच्या वर्षी पट आणखी घटतो. आणखी जागा रिकाम्या होतात. हे चाक एकदा फिरू लागलं की आतला मुख्याध्यापक कितीही भला असला तरी त्याला एकट्याने ते थांबवता येत नाही.

हॅकनी डाउन्सच्या वाट्याला तर मुख्याध्यापकही टिकून आले नाहीत. शेवटच्या पाच-सहा वर्षांत एकामागून एक येत गेले. वर १९९० मध्ये लंडनचं समाईक शिक्षण खातं सरकारने मोडीत काढलं आणि शाळा हॅकनी बरोच्या ताब्यात आल्या. देशातल्या सर्वांत गरीब पालिकांपैकी ही एक, राजकीय भांडणांनी पोखरलेली, शिक्षण खातं चालवण्याचा अनुभव शून्य. ही पालिका कशी होती याचा एकच पुरावा देतो. २००२ मध्ये तिच्याकडून शिक्षणाचा कारभारच काढून घेऊन एका स्वतंत्र ट्रस्टकडे सोपवावा लागला. १९९५ मध्ये शाळेचे वाभाडे काढले गेले तेव्हा मात्र नापासाचा शिक्का बसला तो शाळेवर.

१९९४ मध्ये ऑफस्टेडच्या, म्हणजे नव्या राष्ट्रीय तपासणी कार्यालयाच्या, अधिकाऱ्यांनी शाळेला नापास केलं. पालिकेने शाळा बंद करायचं ठरवलं, मग पालक-शिक्षकांनी उठाव केल्यावर १९९५ च्या उन्हाळ्यात निर्णय फिरवला. तेव्हा शिक्षणमंत्री गिलियन शेफर्ड यांनी १९९३ च्या कायद्याने मिळालेला अधिकार पहिल्यांदाच वापरला आणि शाळा पालिकेच्या हातून काढून एका 'एज्युकेशन असोसिएशन'कडे दिली. वर्तमानपत्रांनी तिला 'हिट स्क्वॉड' म्हटलं. अध्यक्ष होते उद्योगक्षेत्रातले रिचर्ड पेंटर. सदस्यांत मायकल बार्बर होते, जे पुढे टोनी ब्लेअर यांच्या शिक्षणधोरणाचे मुख्य कारागीर झाले. जुलैत नेमणूक झाली, शरद ऋतूत अहवाल आला. शिफारस एकच, बंद करा. पालक न्यायालयात गेले, हरले, अपिलातही हरले. पट तेव्हा दोनशेच्या आसपास उरला होता. नाताळच्या सुटीत, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यात, शाळा मिटली आणि मुलांना जवळच्या होमर्टन हाउस स्कूलमध्ये जागा देण्यात आल्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी शिक्षकांना सगळंच माफ करतोय. तसं नाही. समितीचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. मुलाचं तेरावं वर्ष एकदाच येतं. व्यवस्था सुधारेपर्यंत थांबा, असं त्याला सांगता येत नाही. एवढ्या कमी मुलांत सगळे विषय नीट शिकवता येत नाहीत आणि दर मुलामागे खर्च मात्र भयंकर होतो. शिवाय ज्या शाळांना अशीच मुलं होती त्यांतल्या काही बऱ्या चालत होत्या. हा शेवटचा मुद्दा झोंबणारा आहे. हॅकनी डाउन्समध्ये शिक्षकांचे गट होते, व्यवस्थापनाशी वर्षानुवर्षांचा तंटा होता, आणि 'या मुलांकडून आणखी काय होणार' ही वृत्ती काही वर्गांत शिरली होती, हे तिच्या बाजूच्या लोकांनाही पुरतं नाकारता येणार नाही. गरिबीचं कारण पुढे करून गरीब मुलाकडून कमी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. हे मला मान्य आहे.

पण मग समितीच्या युक्तिवादाला समितीचीच पट्टी लावू या. तेरावं वर्ष एकदाच येतं म्हणून शाळा बंद केली, तर त्या तेरा वर्षांच्या मुलाला जानेवारीत काय मिळालं? दुसरी शाळा, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, जिच्या दारात तो 'त्या' शाळेतून आलेला म्हणून उतरतो. आणि होमर्टन हाउस ही काही हॅकनीतली पहिल्या पसंतीची शाळा नव्हती. असती तर तिथे दोनशे जागा रिकाम्या कशा निघाल्या असत्या? बंद पडणाऱ्या शाळेतली मुलं नेहमी तळाहून दुसऱ्या पायरीवरच्या शाळेत जातात, कारण जागा तिथेच असतात. मग ती पायरी तळ होते.

मॉसबोर्नचं श्रेय मला कमी करायचं नाही. पहिले प्राचार्य मायकल विल्शॉ यांनी जे केलं ते मोठं होतं. पुढे २०१२ मध्ये ते त्याच ऑफस्टेडचे प्रमुख झाले जिने जुन्या शाळेला नापास केलं होतं. काळाने घेतलेली ही एक गमतीशीर गिरकी. पण मॉसबोर्नला काय काय मिळालं ते पाहा. सर क्लाइव्ह बोर्न या उद्योजकाची देणगी आणि त्याच्या कितीतरी पट सरकारी पैसा. कोरी इमारत. सगळ्या वर्गांचा भार पहिल्या दिवशी अंगावर न घेता फक्त अकरा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवण्याची मुभा, म्हणजे बिघडलेली जुनी घडी मोडायची वेळच येत नाही. टिकून राहिलेला एक प्रमुख. मुलं आणि मुली दोन्ही.

आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट, प्रवेशाची पद्धत. मॉसबोर्नमध्ये अर्ज करणाऱ्या मुलांची चाचणी होते, पण हुशार तेवढी उचलायला नाही. क्षमतेनुसार गट पाडून प्रत्येक गटातून ठरावीक मुलं घेतली जातात. वर्गात हुशार, मध्यम, मागे पडलेला असे सगळे येतील याची ती तजवीज आहे. म्हणजे जुनी शाळा ज्या दगडाने बुडाली तो दगड नव्या शाळेच्या गळ्यात बांधलाच गेला नाही. गणवेशाच्या टायबद्दल आणि शिस्तीबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. प्रवेशाच्या या कलमाबद्दल फार थोडी. टायचं छायाचित्र छान येतं, म्हणून असेल.

यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचं उदाहरण याहून उघडं आहे. तिथे १९९५ मध्ये दोन डळमळत्या शाळा एकत्र करून द रिडिंग्ज नावाची शाळा बनवली. दोन दुबळ्यांची मोट बांधून एक सबळ होईल असा हिशेब. त्याच भागात निवडून मुलं घेणाऱ्या दोन ग्रामर शाळा होत्या आणि आजही आहेत. वर्षभरात रिडिंग्जमध्ये गोंधळ इतका माजला की १९९६ च्या शरद ऋतूत शाळा काही दिवस बंद ठेवावी लागली, बाहेर कॅमेऱ्यांची गर्दी. मग पीटर क्लार्क हे दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक मदतीला आले, अ‍ॅना व्हाइट नव्या प्रमुख झाल्या, आणि दोनेक वर्षांत शाळा नापासांच्या यादीतून बाहेर पडली. माणसं चांगली असली की काय होऊ शकतं याचा तो पुरावा. पण हॅलिफॅक्समधली मुलं वाटून घेण्याची रीत तशीच राहिली, शाळा पुन्हा घसरली, आणि २००९ मध्ये ती बंदच झाली. ग्रामर शाळांना या साऱ्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. का विचारावा? त्यांचे निकाल उत्तम होते.

माझी मागणी साधी आहे. एखाद्या शाळेची तपासणी करताना ती एकटी तपासू नये. त्या शहरातल्या, त्या बरोतल्या सगळ्या शाळांचे प्रवेश एकत्र मांडावेत. कुणी किती मुलं काढून टाकली, वर्षाच्या मध्यात कुणी किती घेतली, घरी दुसरी भाषा बोलणारी, विशेष गरजा असलेली, गरीब घरची म्हणून शाळेत मोफत जेवण घेणारी मुलं कुणाकडे किती. हे आकडे निकालाच्या शेजारच्या रकान्यात छापावेत. लंडनमध्ये २००३ नंतर 'लंडन चॅलेंज' नावाने जो कार्यक्रम झाला, त्यात शाळांनी एकमेकांना हात देण्यावर भर होता आणि राजधानीतल्या शाळा खरोखर वर आल्या. एका शाळेला झोडपण्यापेक्षा शेजाऱ्यांना एकत्र बसवणं जास्त कामाचं ठरतं, असं मी त्यावरून म्हणेन. सगळं श्रेय त्या कार्यक्रमाला द्यावं की नाही यावर अभ्यासक भांडत असतात, भांडोत.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं मराठी वाचकाला वाटणार नाही. 'पट घटला' हे दोन शब्द आपल्या खेड्यांतल्या आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत रोज ऐकू येतात. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करायचा निर्णय घेतला तेव्हाचा युक्तिवाद हॅकनीतलाच होता: इतक्या थोड्या मुलांना चांगलं शिक्षण मिळत नाही, जवळच्या शाळेत समायोजन करू. आपल्याकडची कारणं वेगळी, डोंगर-वाड्यांची, स्थलांतराची, इंग्रजी माध्यमाच्या ओढीची. पण पट का घटला आणि ती मुलं कुणी नेली, हा प्रश्न तिथेही मागे पडला. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमुळे खासगी शाळांना गरीब मुलांसाठी दार थोडं किलकिलं करावं लागतं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली. ती टिकली असती तर जिल्हा परिषदेच्या शाळेजवळ असणं हीच खासगी शाळेला गरीब मूल न घेण्याची परवानगी ठरली असती, आणि पाच वर्षांनी दोघींचे निकाल शेजारी-शेजारी ठेवून आपणच विचारलं असतं की झेडपीचे गुरुजी करतात तरी काय.

हॅकनीतली राहिलेली गोष्ट सांगतो. ज्या होमर्टन हाउसमध्ये मुलं पाठवली, तिने पुढे नाव बदलून होमर्टन कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी करून पाहिलं. २००७ मध्ये तीही बंद झाली. दोन वर्षांनी त्या जागेवर सिटी अकॅडमी आली, नवी कोरी, आणि तीही पुढे नावाजली गेली. १९९५ च्या सप्टेंबरात अकरा वर्षांचा होऊन जो मुलगा हॅकनी डाउन्सच्या पहिल्या वर्गात बसला, त्याला ती इमारत चार महिने मिळाली. त्याच तिकोनी जागेवर मॉसबोर्नचं दार उघडलं त्या सप्टेंबरात तो वीस वर्षांचा होता.